मिश्रधातू उत्प्रेरक व पृष्ठसंस्करण

रासायनिक विक्रियेचा वेग वाढविणाऱ्या, परंतु विक्रियेत स्वतः खर्ची न पडणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात [⟶ उत्प्रेरण]. दोन वा अधिक धातू एकत्र करून बनविलेला उत्प्रेरक म्हणजे मिश्रधातू उत्प्रेरक होय. अशा उत्प्रेरकाची क्रियाशीलता, निवडकता (अनेक संभाव्य विक्रियांपैकी हवी तीच घडवून आणण्याची क्षमता) व टिकाऊपणा ही योग्य त्या मर्यादेत यावीत म्हणून त्याच्या सर्वांत बाहेरच्या अणुस्तरांवर ज्या प्रक्रिया करतात, त्यांना पृष्ठसंस्करण असे म्हणतात. अम्लाने वा अल्कलीने धुणे, हायड्रोजनाच्या प्रवाहात तापविणे, एखादा घटक विरघळवून काढणे, अल्प प्रमाणात गंधक वा शिसे बसविणे, तसेच कण तयार करताना त्यांवर राहिलेले कार्बनी आवरण काढून टाकणे या त्यांपैकी प्रमुख प्रक्रिया आहेत.

विक्रियेत भाग घेणारे रेणू धातूच्या अंतर्भागात शिरत नाहीत. ते पृष्ठावर अधिशोषिले जातात व तेथेच त्यांचे रूपांतर होते. एक सेंमी. बाजू असलेल्या धातूच्या घनात सु. एक कोटी अणूंमागे एकदोनच अणू पृष्ठावर असतात. उलट ३ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) व्यासाच्या प्लॅटिनमाच्या कणात एकूण सु. ९०० अणू असून त्यांपैकी एक-तृतीयांशाहून थोडे अधिक अणू पृष्ठावर असतात. महाग धातूचा पूर्ण उपयोग करून घ्यावयाचा, तर कण असे सूक्ष्म हवेत हे उघड आहे. मात्र मिश्रधातूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कणाचे सरासरी संघटन आणि त्याच्या पृष्ठाचे संघटन ही क्वचितच एकसारखी असतात. कोणता धातू वर येईल, हे त्या कणावर आधी कोणते संस्कार झाले आहेत यावर ठरते. म्हणून एकाच वितळीतून घेतलेले दोन नमुने निरनिराळ्या तऱ्हेने वागू शकतात. मिश्रधातू उत्प्रेरकांचा इतिहास हा मोठ्या अंशी ही गोष्ट हळूहळू ध्यानात येण्याचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : १८२३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान व्होल्फगांग डबरायनर यांनी सच्छिद्र प्लॅटिनमावर हायड्रोजनाचा झोत सोडला असता तो हवेत आपोआप पेट घेतो, असे दाखविले. सपाट प्लॅटिनमाने ही क्रिया कधी घडे, तर कधी घडत नसे. या लहरीपणाचा उलगडा मायकेल फॅराडे यांनी १८३४ मध्ये केला. प्लॅटिनमाचा पत्रा विद्युत् विच्छेदनात धन ध्रुव म्हणून वापरल्यास, अथवा अल्कली व सल्फ्यूरिक अम्ल यांनी नीट स्वच्छ केल्यास, त्याच्या सान्निध्यात हायड्रोजन व ऑक्सिजन साध्या तापमानासही संयोग पावतात. तोच पत्रा हवेत उघडा राहिला की हा गुण मंदावतो, असे त्यांना आढळले. धातू तोच, फरक पडतो तो पृष्ठाच्या शुद्धतेमुळे, हा त्यांचा निष्कर्ष होता. ‘उत्प्रेरण’ या अर्थाची पाश्चात्त्य संज्ञा बर्झीलियस यांनी त्यानंतर, १८३५ मध्ये, रूढ केली. म्हणजे या शास्त्राला नाव मिळण्यापूर्वीच पृष्ठसंस्करणाचे महत्त्व प्रयोगाने सिद्ध झालेले होते. कारखानदारीत मात्र ते पुढे दीर्घकाळ केवळ कारागिरीचा भाग म्हणूनच राहिले.

अमोनियाचे ऑक्सिडीभवन : बारामती तालुक्यातील सांगवी आणि नीरा खोऱ्यातील इतर ऊसकरी गावे यांतील शेतकऱ्यांस ‘सुफला’ हे खताचे नाव अपरिचित नाही. मुंबईजवळ तुर्भे (ट्रॉम्बे) येथे फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या कारखान्याचे उत्पादन १९६५ मध्ये सुरू झाले. १९७८ मध्ये या महामंडळाची पुनर्रचना होऊन हा कारखाना राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीकडे आला. सुफला १५:१५:१५ हे नायट्रोफॉस्फेट वर्गातील खत आहे. त्यासाठी फॉस्फेटी खनिज नायट्रिक अम्लात विरघळवावे लागते व हे अम्ल अमोनियाच्या ऑक्सिडीभवनाने मिळते. या खतातील नायट्रेटाच्या रूपातील नायट्रोजन अशा प्रकारे प्लॅटिनमाच्या मिश्रधातूच्या जाळीतून आलेला असतो. उसाच्या सरीत पडणाऱ्या खताचा आणि एका मौल्यवान धातूच्या पृष्ठाचा संबंध इतका जवळचा आहे. मिश्रधातू उत्प्रेरकाचे मोठ्या प्रमाणावरील हे एक जुने उदाहरणही होय, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य ठरेल.

अमोनिया व हवा यांचे मिश्रण तप्त प्लॅटिनमावरून नेल्यास नायट्रोजनाची ऑक्साइडे मिळतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रेडेरिक कूलमान यांनी १८३८ मध्ये दाखविले होते. व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी १९०२ मध्ये एकस्वे घेऊन त्याला औद्योगिक रूप दिले. पुढे प्लॅटिनमाच्या पत्र्याऐवजी बारीक तारेची विणलेली जाळी आली. विक्रिया ८००° ते ९५०° से. या दरम्यान होते व वायूचा जाळीशी संपर्क सेकंदाच्या सु. हजाराव्या भागाइतकाच असतो. तेवढ्यात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हावे लागते. वायू अधिक रेंगाळला वा पृष्ठ सदोष असले, तर अमोनियाचे रूपांतर निरुपयोगी नायट्रोजनात होते. शुद्ध प्लॅटिनमाची तार या तापमानास झिजते. प्लॅटिनमात सु. ५ ते १० टक्के ऱ्होडियम मिसळल्यास जाळी बळकट होते, उत्पादन वाढते व धातूची घटही कमी होते, असे अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचे हँडफोर्थ व टिली यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून प्लॅटिनम-ऱ्होडियम जाळी जगभर रूढ झाली.

नवी कोरी जाळी मात्र लगेच काम करीत नाही. तार ओढताना लागलेले वंगण व हाताळणीत चिकटलेले लोहाचे अंश तिच्यावर असतात. हे लोह अमोनियाचे अपघटन घडवून आणते. म्हणून जाळी हायड्रोक्लोरिक अम्लात बुडवून धुतात व हायड्रोजनाच्या ज्योतीने तापवितात. विक्रिया सुरू झाल्यावर खरे संस्करण विक्रियाच करते. तारेचे गुळगुळीत पृष्ठ काही दिवसांतच खडबडीत होते व त्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे उंचवटे उगवतात. त्यामुळे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते व जाळी पूर्ण क्षमतेस पोहोचते. या वाढीचे कारण असे की, उच्च तापमानास प्लॅटिनम ऑक्सिजनाशी संयोग पावून बाष्परूप ऑक्साइड बनते. त्याचा काही भाग तेथेच पुन्हा धातुरूपाने साचतो व काही वायूबरोबर वाहून जातो. ऱ्होडियम त्या मानाने मागे राहते. तापमान पुरेसे नसल्यास त्याचे ऑक्साइड पृष्ठावर पसरून जाळी मंद करते. ज्या उलाढालीने जाळी क्रियाशील होते, तिनेच ती क्षीणही होत जाते. एक टन अम्लामागे प्लॅटिनमाची घट दाबानुसार काही शतांश ते काही दशांश ग्रॅम असते. ही घट दिसावयास क्षुल्लक असली, तरी मोठ्या कारखान्याच्या वर्षभराच्या खर्चात ती ठळकपणे उमटते. १९६८ पासून मुख्य जाळ्यांखाली पॅलॅडियमयुक्त मिश्रधातूच्या जाळ्या बसवून उडून जाणाऱ्या प्लॅटिनमाचा मोठा भाग अडविण्याची पद्धत सुरू झाली. भारताला लागणारे प्लॅटिनम जवळजवळ सर्व आयात करावे लागत असल्याने येथे या बचतीचे मोल अधिकच आहे.

रेनी निकेल : पृष्ठसंस्करण हीच उत्प्रेरक बनविण्याची कृती आहे, असे उदाहरण म्हणजे रेनी निकेल होय. निकेलाच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण करण्याची रीत पॉल साबात्ये यांनी १८९७ च्या सुमारास शोधली व १९०२ मध्ये व्हिल्हेल्म नोर्मान यांनी तीवरून तेले घट्ट करण्याचे एकस्व मिळविले. वनस्पती तुपाचा धंदा यातूनच निर्माण झाला. मुंबईत १९३० नंतरच्या दशकात त्याने मूळ धरले आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोहोचले. (या धंद्यात मुख्यतः आधारद्रव्यावर बसविलेले निकेल वापरतात.) अमेरिकेत टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे सरकीच्या तेलावर काम करणारे अभियंते मरी रेनी यांना अधिक क्रियाशील निकेल हवे होते. त्यांनी प्रथम निकेल व सिलिकॉन यांची समभाग मिश्रधातू घेऊन ती दाहक सोड्याच्या विद्रावाने उपचारित केली व १९२५ मध्ये त्याचे एकस्व घेतले. पुढे सिलिकॉनाऐवजी ॲल्युमिनियम वापरल्यावर परिणाम कितीतरी सरस आला. याचे एकस्व १९२७ मधील आहे.

समभाग निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूची पूड दाहक सोड्यात टाकली की ॲल्युमिनियम विरघळते, हायड्रोजनाचे बुडबुडे येतात व निकेलाचा स्पंजासारखा सच्छिद्र सांगाडा उरतो. त्याचे पृष्ठफळ ग्रॅममागे १०० चौ. मी.च्या आसपास जाते. मिश्रधातूत ॲल्युमिनियम अधिक असलेली संयुगे लवकर विरघळतात, तर समप्रमाणी संयुग जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे मूळ धातू कशी ओतली व थंड केली, सोड्याची संहती व तापमान किती ठेवले आणि धुणे किती वेळ चालले, यांवर उत्प्रेरकाचा कस ठरतो. मागे राहिलेले थोडे ॲल्युमिनियम हा दोष नसून सांगाडा कोसळू न देण्याचे काम ते करते. कोरडे रेनी निकेल हवेत पेट घेते म्हणून ते पाण्याखाली साठवितात. रेनी हे मुळात यंत्र अभियंते होते. त्यांना हा मार्ग सिद्धांताने नव्हे, प्रयोगाने सापडला. योगायोग असा की, उत्प्रेरकाच्या पृष्ठाचा थोडाच भाग, म्हणजे त्यावरील ‘क्रियाशील केंद्रे’ कामाची असतात, हा विचार ह्यू टेलर यांनी त्याच १९२५ मध्ये मांडला.

क्रियाशीलतेला मुद्दाम आवर घालणे : पृष्ठसंस्करणाचा हेतू नेहमीच वेग वाढविण्याचा असतो असे नाही. स्वित्झर्लंडमधील हेर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये पॅलॅडियमावर शिशाचा संस्कार करून ॲसिटिलीन वर्गातील संयुगांचे हायड्रोजनीकरण मध्येच, द्विबंधाच्या टप्प्यावर, थांबविण्याची युक्ती काढली. जीवनसत्त्व अ च्या संश्लेषणात तिचा उपयोग झाला. खनिज तेल शुद्धीकरणात १९६७ मध्ये प्लॅटिनम-ऱ्हेनियम उत्प्रेरक आला. तो आरंभी इतका प्रखर असतो की, रेणू तुटून मिथेन बनू लागते व तापमान आवाक्याबाहेर जाण्याची भीती असते. म्हणून विक्रियेपूर्वीच त्यावर अल्पसे गंधक बसवितात. एरवी विष मानलेला पदार्थ येथे औषधासारखा मोजून द्यावा लागतो.

पुणे येथील संशोधन : ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. तिचे पहिले दोन्ही संचालक पृष्ठांचे अभ्यासक होते, ही गोष्ट सहसा नोंदली जात नाही. जेम्स विल्यम मॅकबेन यांनी १९०९ मध्ये पृष्ठावर व अंतर्भागात होणाऱ्या शोषणांना मिळून ‘सॉर्प्शन’ ही संज्ञा सुचविली होती. तसेच साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन पुंजके (मायसेल) बनवितात, ही कल्पनाही त्यांची होय. त्यांच्यानंतर १९५२ ते १९५७ या काळात संचालक असलेले जॉर्ज इंगल फिंच हे इलेक्ट्रॉन विवर्तनाने धातूंचे पृष्ठ व पातळ स्तर तपासणारे अग्रगण्य शास्त्रज्ञ होते. (१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजन वापरून चढाई करणारे गिर्यारोहक ते हेच.) एका धातूचा अतिशय पातळ स्तर दुसऱ्या स्फटिकावर बसविला असता तो खालच्या स्फटिकातील अणूंचे अंतर काही अंशी उचलतो, म्हणजे ताणला वा आवळला जातो, अशी कल्पना फिंच व क्वॉरेल यांनी १९३३ मध्ये मांडली. त्यांच्या मूळ पुराव्यावर पुढे आक्षेप घेतले गेले. पण ताणलेल्या वा आवळलेल्या पृष्ठस्तराची ही कल्पना पाऊणशे वर्षांनंतर मिश्रधातू उत्प्रेरकांच्या विवेचनात मध्यवर्ती ठरली. प्रयोगशाळेतील उत्प्रेरणावरील कार्य पुढे एल्. के. दोरायस्वामी, पॉल रत्नसामी आदींच्या नेतृत्वाखाली वाढले. त्याचा भर प्रामुख्याने विक्रिया अभियांत्रिकी व झिओलाइटे यांवर होता.

धातूच्या सूक्ष्मकणांकडे लक्ष वळले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी. मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी पत्रीसारखे कण मिळविले. त्याच वर्षी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने सोन्याचे, चांदीचे, तसेच सोन्याचा गाभा व चांदीचे कवच असलेले द्विधातुक कण बनविल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. हे काम उत्प्रेरकासाठी केलेले नव्हते. तरी त्यात एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. वनस्पतीतील जे कार्बनी रेणू धातूच्या आयनांचे क्षपण करतात, तेच कणांभोवती आवरण घालून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. असा कण उत्प्रेरक म्हणून वापरावयाचा, तर विक्रियाकारकांना त्या आवरणातून वाट कशी मिळावी?

आवरणाचा प्रश्न : कलिली पद्धतीने बनविलेल्या जवळजवळ सर्वच कणांना हा प्रश्न लागू आहे. प्रयोगशाळांत आवरणासाठी सिट्रेट, पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, ओलील अमाइन यांसारखी द्रव्ये वापरतात. ती नसतील तर कणांचा आकार आवरता येत नाही आणि ती राहिली तर पृष्ठ झाकले जाते. हवेत २००° ते ३००° से. पर्यंत तापविल्यास आवरण जळून जाते, पण त्याबरोबर कण एकमेकांत मिसळून मोठे होण्याची वा एक धातू ऑक्साइड होऊन वर येण्याची भीती असते. त्या मानाने ॲसिटिक अम्लासारख्या सौम्य अम्लाने धुणे, अथवा जंबुपार किरण व ओझोन यांचा प्रयोग करणे कमी धोक्याचे आहे. आवरण पुरते काढणे नेहमीच हितावह असते असेही नाही. पॅलॅडियमावर गंधकयुक्त कार्बनी रेणूंचा सुबक एकेरी थर ठेवला असता विशिष्ट विक्रियेतील निवडकता वाढते, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले.

पृष्ठ स्थिर नसते, ही आणखी एक अडचण आहे. समभाग ऱ्होडियम-पॅलॅडियम कणांचे निरीक्षण विक्रिया चालू असतानाच करण्याचा प्रयोग अमेरिकेत बर्कली येथे झाला व २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिडीकारक वायूत ऱ्होडियम पृष्ठावर येते व क्षपणकारक वायूत पॅलॅडियम वर येते, असे त्यात आढळले. वायू पालटताच धातूंची अदलाबदलही पालटते. यावरून कणाचे पृष्ठ विक्रियेपूर्वी निर्वातात तपासून काढलेल्या निष्कर्षांचे मोल किती मर्यादित असते, हे कळून येते. उत्प्रेरकाचे केवळ संघटन सांगून त्यावर झालेल्या संस्कारांविषयी मौन पाळणारे निबंध आजही पुष्कळ प्रसिद्ध होतात. एका उत्प्रेरकाचे आवरण निघालेले व दुसऱ्याचे राहिलेले असताना त्यांची तुलना करून मिश्रधातूच्या गुणांविषयी अनुमान काढणे हे शास्त्रीयदृष्ट्या टिकणारे नाही.

इंधन-विद्युत् घट : या सर्व ज्ञानाची कसोटी हायड्रोजनावर चालणाऱ्या इंधन-विद्युत् घटात लागते. त्याच्या ऋणाग्रावर नव्हे, तर ऑक्सिजनाचे पाण्यात रूपांतर होते त्या अग्रावर प्लॅटिनमाचा अधिकांश साठा खर्ची पडतो, कारण ती विक्रिया फार मंद आहे. २००७ मध्ये स्टामेंकोविक, मार्कोविक व सहकारी यांनी प्लॅटिनम तीन भाग व निकेल एक भाग अशा मिश्रधातूच्या एका विशिष्ट स्फटिक पृष्ठाची क्रियाशीलता तशाच शुद्ध प्लॅटिनम पृष्ठाच्या दसपट असल्याचे दाखविले. या मिश्रधातूंच्या अभ्यासातून एक उद्बोधक तुलना पुढे आली. मिश्रधातू निर्वातात तापविली, तर प्लॅटिनमाचे अणू वर येऊन एक सलग ‘त्वचा’ बनते. तीच मिश्रधातू न तापविता अम्लात ठेवली, तर पृष्ठाजवळचे निकेल विरघळून प्लॅटिनमाचा खडबडीत ‘सांगाडा’ उरतो. दोन्ही पृष्ठांवर प्लॅटिनमच असते, पण त्वचेची क्रियाशीलता सांगाड्याहून जास्त असते. त्वचेखालील निकेल प्लॅटिनमाच्या इलेक्ट्रॉनी संरचनेत बदल घडविते व ऑक्सिजनयुक्त गटांची पृष्ठावरील पकड सैल करते. प्लॅटिनम-तांबे कणांतील तांबे विरघळवून काढल्यास उरलेले प्लॅटिनम-कवच आवळलेल्या स्थितीत राहते व म्हणूनच ते अधिक क्रियाशील असते, असे श्ट्रासर व सहकारी यांनी २०१० मध्ये सिद्ध केले. फिंच यांच्या जुन्या कल्पनेशी याचे नाते उघड आहे. २०१४ मध्ये निकेलबहुल कणांच्या आतील धातू झिजवून केवळ कडांची पोकळ चौकट उरविण्यात यश आले. या चौकटींची क्रियाशीलता नेहमीच्या कार्बनाधारित प्लॅटिनमाच्या मानाने प्लॅटिनमाच्या वस्तुमानागणिक ३६ पट होती. कमी उदात्त धातू विरघळवून उदात्त धातूचे पृष्ठ मोकळे करण्याची ही रीत तत्त्वतः रेनी यांचीच आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मिराई’ या मोटारगाडीच्या घटात प्लॅटिनम-कोबाल्ट उत्प्रेरक वापरला गेला. पुण्यात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून ऑक्टोबर २०२० मध्ये अशा घटावर चालणाऱ्या मोटारगाडीची चाचणी घेतली व २१ ऑगस्ट २०२२ रोजी बसगाडीचे अनावरण झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या उपक्रमात सहभागी होती. गाडीतील घट वारंवार सुरू व बंद होतो, त्याचे विद्युत् दाब खालीवर होतात आणि त्याबरोबर निकेल वा कोबाल्ट हळूहळू विरघळून घटातील बहुवारिकाच्या पटलात शिरते. त्यामुळे पटलाची प्रोटॉन वाहून नेण्याची क्षमता घटते. यावर उपाय म्हणून सैल कोबाल्ट घटात भरण्यापूर्वीच अम्लाने धुऊन काढतात व नंतर कण तापवून प्लॅटिनमाचे कवच सलग करतात. किती धुवावे, हा यातील नाजूक भाग आहे. धुणे कमी पडले तर पटल दूषित होते. अधिक झाले तर ज्यासाठी कोबाल्ट मिसळले तो परिणामच नाहीसा होतो व शुद्ध प्लॅटिनमाहून फारसा सरस नसलेला कण हाती उरतो. शिवाय प्रयोगशाळेत पाण्यासारख्या पातळ विद्रावात मोजलेली ३६ पट क्रियाशीलता प्रत्यक्ष घटात त्या प्रमाणात मिळत नाही. तेथे ऑक्सिजनाला कार्बन व बहुवारिक यांच्या थरांतून कणापर्यंत पोहोचावे लागते आणि बहुवारिकातील सल्फोनेट गट स्वतःच प्लॅटिनमाला चिकटून त्याच्या पृष्ठाचा काही भाग अडवितात.